खळ्यावरचं ऊन
गच्चीवर उन्हात तापलेल्या पाइपचा वास आला की मला खानापूरकडची ती थंडी आठवते. जमिनीखालून फायबरची केबल टाकायच्या कामावर मी तेव्हा सुपरवायझर होतो. केबलसाठी आधी प्लास्टिकचा पाइप पुरायचा असे. तो गुंडाळीत यायचा आणि थंडीत इतका ताठ व्हायचा की चरात दाबून बसवला तरी वेटोळं घेऊन पुन्हा वर यायचा. माणसं त्याच्यावर उभी राहून राहून वैतागली होती. पाइपला ऊन दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या झाडीत सकाळचं ऊन फक्त एका खळ्यावर होतं. तिथं एक बाई दवानं ओलं झालेलं भात वाळत घालत होती. मी विचारल्यावर तिनं फळीनं अर्धं भात मागं ओढून जागा करून दिली. "ही वायर घातल्यावर घरात फोन लागंल न्हवं? लेकीशी बोलायला टेकावर जावं लागतंय बघ बाबा," ती म्हणाली. खोटं बोलण्याइतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "न्हाय आक्का, ही लाइन सरळ गोव्याला जात्या. हितं थांबत न्हाय." उरलेलं भातही बाजूला ओढत ती म्हणाली, "मग सगळा एकदमच पसरा, आन् तापला की जावा. माझं भात वाळायचं हाय." गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्यानं गाडीतून जाताना मी माझ्या लेकीशी बोलत होतो. त्या खळ्यापाशी फोन कटला.