बडी फेटायच्या यंत्राचं पेटंट

माझ्या यंत्राचं पेटंट मीच बुडवलं. कुणी चोरलं नाही, कुणी फसवलं नाही. अर्ज करायच्या आधीच मी त्याचा सगळा नकाशा मापांसकट छापून मोकळा झालो, आणि वर तो लोकांना घरोघरी वाटूनही आलो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी सरकारी खात्यात नकाशे काढायचो. भोपाळहून साहेब येऊ लागले, तशी आमच्या ऑफिसातली प्रत्येक खुर्ची स्वतःला एक इंच उंच समजू लागली. मलाही वाटलं, नव्या राज्याला मंत्री लागतील, सचिव लागतील, तसा एखादा संशोधकही लागेलच की.

संशोधनाचा विषय घरातच होता. आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या सात-आठ बायका हिवाळ्यात आमच्याच गच्चीवर रखियाबडी घालत, म्हणजे कोहळ्याचा कीस आणि उडदाच्या डाळीचं वाटण फेटून केलेले सांडगे. ते फेटणं म्हणजे हाताची परीक्षा. वाटणाचा थेंब पाण्यात टाकायचा; तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा फेटा. दोन हिवाळ्यांत बायकोचा खांदा असा धरला, की तिला वेणी घालता येईना.

मी बसून तिचा हात बघितला. ती तो नुसता गोल फिरवत नव्हती. दर तीन-चार फेऱ्यांनी मनगट वर उचलायची आणि वाटणात हवा शिरायची. तीच उचल मी लाकडी हाताला दिली. परात एका दिशेने फिरे, हात दुसऱ्या. फेटताना वाटण पांढरं होत जातं, म्हणून वर एक दिवा आणि उजेड मोजणारा सेन्सर बसवला. पुरेसं पांढरं झालं की घंटी वाजे. सेन्सरची चिप तापायची, तिच्यावर भंगारातल्या कॉम्प्युटरचा पंखा लावला. पांढरा सदरा घालून कुणी वाकलं तरी घंटी वाजायची, हे खरं. पण थेंब तरंगायचा.

त्याच वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या स्मरणिकेची दोन पानं रिकामी राहिली. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या त्या यंत्राबद्दल काही देता काय?" देता काय? मी रात्रंदिवस बसून आडवा छेद, उभा छेद, दात्यांची संख्या, हाताच्या उचलीचा कोन, सगळं काढलं. माप न लिहिलेला नकाशा माझ्या हातून आजवर गेलेला नाही. सरकारी सवय.

पेटंटचं मला सुचलं ते दिवाळीनंतर. नागपूरला एक पेटंटचा वकील आहे असं कळलं, तशी मी फाइल तयार केली. कागदपत्रांच्या सत्यप्रती, आणि सगळ्यात वर, पुरावा म्हणून, स्मरणिका.

वकील माझ्या पोट्ट्याच्या वयाचा. त्यानं तेच पान उघडलं.

"काका, हे छापून आलं कधी?"

"या गणपतीत."

"आणि पेटंटचा अर्ज?"

"तोच तर कराले आलो ना."

त्यानं फाइल हळूच मिटली. "पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. ही तर जगजाहीर झाली."

"पण जगजाहीर मीच केली!"

"कोणी केली, ते कायदा विचारत नाही. सरकारनं नेमलेल्या प्रदर्शनात मांडलं असतं, किंवा विद्वानांच्या सभेत वाचलं असतं, तर काही सवड होती."

"आमच्या मंडळात तीन निवृत्त प्राध्यापक आहेत," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्यानं चहा मागवला. तेव्हा मला कळलं की माझं सगळं संपलंय.

परतीच्या गाडीत मी एक बेत रचला: स्मरणिकाच परत गोळा करायच्या. त्यानं काही होणार नाही हे वकिलानं बजावलं होतं आणि तो प्रामाणिकपणाही नव्हता. तरी मी थैली घेऊन निघालो. बायको दारात उभी होती.

"काय करून राहिले तुम्ही? पुस्तकं आणाल. लोकांच्या डोक्यातून कसं काढाल?"

थैलीत सहा आल्या. एकीनं फडताळात अंथरली होती, तिच्यावर हळदीचा डबा होता. शेजारच्या वहिनींनी तर मला बसवूनच घेतलं. "भाऊजी, तुमचं पान आम्ही जपून ठेवलं. भिलाईच्या जावयाले झेरॉक्स पाठवली, त्याच्या प्लांटमधल्या चौघांनी मागून नेली. किती कौतुक झालं म्हणता!" मी त्यांच्याकडचा चिवडा खाल्ला आणि थैली पायाखाली सरकवली.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या यंत्राचा लाकडी हात मधोमध चिरला. मी दुरुस्त करीन म्हणालो. तीन आठवडे म्हणत राहिलो. कोहळी आणून झाली होती, डाळ भिजायची वेळ आली होती, आणि बायकोचा खांदा पुन्हा बोलू लागला होता. कुणीतरी सांगितलं की गुढ़ियारीत एक वेल्डिंगवाला बडी फेटायचं मशीन बनवतो. ती मला घेऊन गेली.

दुकानात ओळीनं चार उभी होती. परात एका दिशेनं, हात दुसऱ्या. हात लोखंडी, त्याला ती उचल, माझ्याच कोनात. दुकानदारानं एक चालू केलं, वाटण टाकलं, थोड्या वेळानं बोटानं थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला. तरंगला. बायकोनं दोनदा तपासला.

मी घसा साफ केला.

"किसका डिज़ाइन है, भैया?" बायकोनंच विचारलं.

"अरे दीदी, कोई मराठी साहब हैं. गणेश वाली किताब में पूरा नक्शा छाप दिए, नाप समेत. हमने बस बत्ती-घंटी का चोचला हटा दिया." त्यानं परात पुसली. "अब आजकल ऐसी चीज़ कौन मुफ़्त में बाँटता है? वो आदमी या तो संत होगा, या फिर... छोड़िए, आपके सामने क्या बोलूँ."

बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून दोरी काढून ती मशीन बांधायला लागली.

"बोल दो भैया," ती म्हणाली. "संत तो ये नहीं हैं."