उलटी नावं

टाचणीला राग पटकन यायचा नाही. पण आला की मुक्कामाला यायचा, गादी-उशी घेऊन.

हे नाव तिला बॅगांच्या कारखान्यात पडलं. तिथे ती चेन लावायच्या मशीनवर बसायची. दातांत टाचण्या धरून काम करायची आणि त्या न काढताच बोलायची, त्यामुळे तोंडातून शब्द मोजके निघायचे आणि निघतील ते टोचायचे. एकदा सुपरवायझरला तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "साहेब, डोळे चष्म्याच्या दुकानातच विसरलात का?" त्या दिवसापासून ती टाचणी. पुढे घरातही तेच नाव चालू झालं. नवरा लाडाने म्हणायचा, दीर जरा दबकून, आणि धाकटी जाऊ तिच्या माघारी.

कारखाना बंद पडला तेव्हा टाचणीने आपलं मशीन मोडीच्या भावात विकत घेतलं आणि घरी आणलं. दोन भावांचं एकच घर. मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, तिच्यात जुनी कपाटं आणि मोडका पंखा. ती खोली तिने झाडून घेतली आणि खिडकीखाली मशीन मांडलं. मग सुचलं ते पाऊच.

बाजारात एका दुकानाबाहेर टेबलमॅटचा ढीग पडला होता. जेवणाच्या टेबलावर ताटाखाली घालतात ते जाड, चौकोनी कापडी तुकडे. टाचणीने एक उचलला, दुमडला, परत उलगडला. आत पातळ गादी, मागे अस्तर, चारी कडा कारखान्यातूनच नीट शिवून आलेल्या. म्हणजे कापायला नको, अस्तर लावायला नको, कड मुडपायला नको! दोन आखूड कडांना चेन लावायची, उलटं करायचं, दोन्ही बाजूंनी शिवण मारायची, सुलट केलं की पाऊच हजर. दुकानदार म्हणाला, "ताई, जेवायला किती माणसं?" टाचणी म्हणाली, "जेवायला कोणी नाही. सगळे द्या."

धाकटीकडे कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरीचं मशीन होतं. हौसेने घेतलेलं. टॉवेलांवर बदकं भरून भरून झाली होती आणि घरातली सगळी माणसं बदकांनी तोंड पुसत होती. टाचणीचे पाऊच पाहून ती म्हणाली, "ताई, यावर नाव भरलं तर?" आणि टाचणीला ते पटलं. पटलं म्हणजे काय, तिने "हं" म्हटलं. तिच्या बाबतीत हे म्हणजे टाळ्या वाजवण्यासारखंच.

असा दोघींचा जोडधंदा सुरू झाला. नाव भरायचं ते मॅट सपाट असतानाच. एकदा पाऊच शिवून झाला की आत मशीनचा हात जात नाही. मॅट जाड, भरतकामाच्या रिंगमध्ये आवळली तर तिच्यावर वळ उठायचा. म्हणून धाकटी रिंगमध्ये चिकट कागद ताणायची आणि मॅट त्यावर नुसती थापायची. पण सपाट मॅटला वर-खाली नसतं. कुठली कड चेनकडे जाणार आणि घडी कुठे पडणार, हे शिवणारणीलाच ठाऊक. म्हणून टाचणी प्रत्येक मॅटवर खडूने एक बाण काढून द्यायची. बाणाचं टोक ज्या बाजूला, ती वरची बाजू. धाकटी बाण बघायची, नाव भरायची, खडू झटकायची. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. दोघी एका खोलीत बसायच्या, एकीचं मशीन घरघरायचं, दुसरीचं टकटकायचं, आणि कधीमधी तर चक्क हसण्याचा आवाजही यायचा.

मग ते प्रदर्शन झालं. एका मोठ्या हॉलमध्ये बायकांनी आपापल्या वस्तू मांडल्या होत्या. टाचणी चहा आणायला गेली होती. दोन्ही हातांत कप घेऊन ती परत येत होती, तर गिऱ्हाईक बाई धाकटीला विचारत होती, "किती सुंदर! कल्पना कोणाची हो?"

"माझीच," धाकटी म्हणाली. "आमच्या जाऊबाई असतात मदतीला. चेन-बिन लावून देतात."

टाचणीने दोन्ही कप टेबलावर ठेवले. धाकटीचा चेहरा उतरला. तिला कळलं की टाचणीने ऐकलंय. तिने सावरून घेतलं असतं, तर कदाचित तिथल्या तिथे मिटलंही असतं. पण ती हसली आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाशी बोलताना असं बोलावं लागतं, ताई. तुम्हाला नाही जमायचं ते."

टाचणीने आपला चहा पिऊन टाकला. घरी आल्यावर तिने खडू उचलून फडताळात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून मॅट कोऱ्या जाऊ लागल्या. धाकटीने दोन-तीनदा विचारलं, "बाण?" टाचणी मशीनवर वाकलेलीच. चौथ्यांदा धाकटीने विचारलं नाही. तिलाही मान होता. "मला काय तेवढंही कळत नाही?" असं ती नवऱ्याला ऐकू जाईल आणि भिंतीपलीकडेही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. सुट्या गिऱ्हाइकांसाठी फुलं-पानं भरायची होती, त्यात उलटं-सुलटं फारसं कळत नव्हतं. तेव्हा निभावलं.

घरात तोवर हवा पार बिघडली होती. पातेल्यांचा आवाज वाढला. एकीने नळ सोडला की दुसरी बंद करायची. दोघे भाऊ मात्र शहाण्यासारखे मुके झाले. पायऱ्यांवर बसून खेळांच्या गप्पा मारायचे आणि बायकांपैकी कोणी बाहेर आली की एकदम हवामानावर यायचे.

अशातच दवाखान्यातल्या हेड नर्सबाई आल्या. उंच, ताठ, आवाज असा की ऐकणारा आपोआप सरळ उभा राहावा. त्या निवृत्त होणार होत्या. वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला तिच्या नावाचा पाऊच द्यायचा होता. कात्री, पेन, थर्मामीटर ठेवायला. "नावं नीट दिसली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर आम्हाला लोकांनी 'ए सिस्टर' म्हटलंय. एकदा तरी नावाने ओळखलं जाऊ दे."

धाकटीने नावं भरायला घेतली. मॅटचा जाड भाग मशीनच्या दांड्याला अडत होता, म्हणून तिने मॅट फिरवून थापली. मशीनमध्येही नाव फिरवायला हवं होतं, ते राहिलं. बाण असता तर पहिल्याच मॅटला दिसलं असतं. निळ्या रेशमी धाग्यात सुरेख, भरीव अक्षरं उमटत गेली, एकामागून एक, सगळी घडीकडे डोकं करून.

तो गठ्ठा टाचणीच्या टेबलावर आला. तिने पहिली मॅट उचलली, चेनच्या जागी धरली, दुमडली, आणि थांबली. नाव उलटं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीच खाली डोकं वर पाय.

तिला उपायही त्याच क्षणी दिसला, हे सांगितलंच पाहिजे. मॅट मधोमध कापायची, कापलेल्या कडांना पट्टी लावून चेन तिथे बसवायची आणि आधीच्या कडा खाली जोडून टाकायच्या. वरचं खाली, खालचं वर, नाव सुलट. काम दुप्पट, पण होण्यासारखं. पलीकडे धाकटी गुणगुणत दोरे आवरत होती. टाचणीने तिच्या पाठीकडे पाहिलं. मग सुईत दोरा ओवला आणि चेन लावायला घेतली. नेहमीच्याच जागी.

सगळे पाऊच तिने शिवले. एकही शिवण वाकडी नाही, एकाही चेनचा रनर अडकत नाही. कारखान्यात असतानाही इतकं सफाईदार काम तिच्या हातून झालं नसेल. शिवताना तिच्या पोटात एक गार, गोड समाधान होतं. ते तिने मिटक्या मारत चाखलं.

हेड नर्सबाई समारंभाच्या आदल्या दिवशी आल्या. पहिला पाऊच त्यांनी हातात घेतला, फिरवला, परत फिरवला. दुसरा काढला. मग पाऊचांची सगळी पिशवीच टेबलावर ओतली.

"हे मुद्दाम केलंय," त्यांनी विचारलं, "की तुम्हा दोघींना अक्षरओळख नाही?"

धाकटीचं तोंड पांढरं पडलं. तिने टाचणीकडे पाहिलं. टाचणी खिडकीबाहेर बघत होती.

"उद्या मी माणसांना काय देऊ? डोक्यावर उभं राहून नाव वाचा म्हणू?" नर्सबाईंनी पर्स उचलली. "ठेवा तुमच्याकडेच." आणि त्या निघून गेल्या.

दार बंद झालं तशी धाकटी वळली. "तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"कधी?"

"पहिलाच हातात घेतला तेव्हा."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच धाकटीच्या तोंडून 'तुम्ही'चं 'तू' झालं. "तू माणूस आहेस का? बसून शिवत राहिलीस? माझी फजिती व्हावी म्हणून?"

"मी फक्त चेन लावते ना? लावली."

"अगं, त्यात तुझंही नाक कापलं गेलं!"

"माझं प्रदर्शनातच कापलं होतंस. आता दोघी सारख्या."

त्या संध्याकाळी दोन्ही भावांना पायऱ्यांवरसुद्धा बसवेना. ते कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गेले आणि तिथेच रेंगाळले.

टाचणीला वाटलं होतं की आता बरं वाटेल. वाटलंही, रात्रभर. पण सकाळी खोलीत गेली तर ती उलटी नावं टेबलावर तशीच पसरलेली. तिच्या हातच्या सरळ, देखण्या शिवणी, आणि त्यांच्यात डोक्यावर उभ्या असलेल्या त्या नर्सा. जावेचा राग जागच्या जागी होता, तसूभर हलला नव्हता. पण त्या बायकांनी तिचं काय घोडं मारलं होतं? दुपारी तिने एक पाऊच ओढला आणि चेन उसवायला घेतली.

धाकटी आवाजाने आली. "हात लावू नकोस! नावं माझी आहेत."

"मॅट माझ्या आहेत."

"आता सुलट करून मिरवायचंय का? जावेने बिघडवलं, मी सुधारलं, असं सांगत फिरायला?"

"तू फिरली असतीस तसं. मी तुझ्यासारखी नाही."

धाकटीने पाऊचचं एक टोक धरलं, टाचणीने दुसरं. दोन पोक्त बायका, दोघींचे केस सुटलेले, एका पाऊचसाठी खोलीभर ओढाताण. मोडका पंखा कपाटावरून धाडकन खाली पडला. टाचणीचा नवरा धावत आला, दारात थबकला, आणि "काही लागलं का?" असं पंख्याकडे बघत विचारून परत गेला.

शेवटी धाप लागून दोघींनी एकाच वेळी हात सोडले. दोघींचा एकमेकींवर काडीचाही विश्वास नव्हता, म्हणूनच ठरलं: टाचणी कापणार, शिवणार; धाकटी समोर बसून राहणार. कापलेल्या कडांना लावायच्या पट्ट्याही तिनेच कापून दिल्या, कारण टाचणीने कापल्या तर आखूड कापेल असा तिला संशय होता.

नर्सबाईंच्या घरीही दोघी मिळूनच गेल्या. एकटी गेली तर दुसरीच्या नावाने काय सांगेल, नेम नव्हता. बसमध्ये एक पुढे बसली, एक मागे, आणि पाऊचांची पिशवी मधल्या सीटवर.

नर्सबाईंनी दार उघडलं. दोघी एकदमच बोलू लागल्या.

"हिने उलटी नावं—"

"हिला दिसलं होतं आणि तरी—"

"गप्प!" नर्सबाई म्हणाल्या, आणि दोघी गप्प झाल्या. त्यांनी एक पाऊच काढला, नाव वाचलं, चेन उघडून मिटली. "म्हणजे एकीने चूक केली आणि दुसरीने ती बघून तशीच ठेवली. बरोबर?"

दोघींनी एकमेकींकडे न बघता माना डोलावल्या.

"वॉर्डात अशा दोघी एका पाळीला आल्या ना, की मी एकीची बदली करायचे. त्यांना शिक्षा म्हणून नाही. पेशंट मरायला नको म्हणून." त्यांनी पिशवी आत ओढली. "मी पोचवते एकेकीला. तुम्ही मात्र माझ्या दारात परत येऊ नका. आणि एका टेबलावर तर मुळीच बसू नका." दार मिटलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

परतताना धाकटी बसने आली, टाचणी चालत.

नर्सबाईंचा सल्ला तेवढा दोघींनी मानला. धाकटीने स्वतःचं शिलाई मशीन घेतलं. सुरुवातीला तिच्या चेनींना नागमोडी वळणं यायची, आणि टाचणी ती येता-जाता बघून मनसोक्त सुखावायची. पण वर्षभरात धाकटीचा हात बसला आणि ते सुखही गेलं. प्रदर्शनात आता दोघींची दोन टेबलं असतात, हॉलच्या दोन टोकांना. घर मात्र एकच. तिथे बोलणं होतं ते "पाणी आलं" आणि "गॅस संपला" इतपत. 'तू' गेलं, 'तुम्ही' परत आलं. पण ते आदराचं नव्हे, लांबचं.

टाचणी आता बाजारातल्या एका एम्ब्रॉयडरीवाल्याकडून नावं भरून घेते. पहिल्याच दिवशी तिने त्याला बजावलं, "चूक दिसली की मी तोंडावर बोलणार. राग आला तर येऊ दे." तो बिचारा "बोला की" म्हणाला. त्याला काय कल्पना! ती शेजारी स्टूल ओढून बसते आणि पहिल्या टाक्यापासून बोलते. आवाजात तिचं ऐकू येऊ नये म्हणून तो मशीनचा वेग वाढवतो.

एकदा त्यानेच विचारलं, "तुमच्या जावेचं काम चांगलं होतं म्हणतात. सोडलं कशाला?"

टाचणीने सगळं सांगितलं, बाणापासून पिशवीपर्यंत, स्वतःचं काही झाकलं नाही. त्याने मशीन थांबवलं. "मग आता वाईट वाटतं का हो?"

"जावेचं? छे," टाचणी म्हणाली. "पाऊचचं वाटतं. चांगल्या मॅट होत्या, कापाव्या लागल्या. चला, सुरू करा मशीन. आणि तो 'र' वाकडा येतोय."