एक नंबरचा घोडा सहावा वाचला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर दिंडोरीकडचं, मळ्यातलं. चौथी झाल्यावर डोक्यावर भाजीची पाटी आली. पण वाचता यायचं आणि आकडा कधी चुकला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे झालं ते वाचता न आल्यामुळे झालेलं नाही.

माझ्या नवऱ्याला रेसचा नाद होता. दारू नाही, विडी नाही, घोडे. खेळायचे थोडंच, त्यांना लावण्यापेक्षा सांगण्यात गोडी. दर शनिवारी चार वाजता इंदिरानगरात आमच्या घराजवळच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा रिटायर माणसं जमायची. उद्या मुंबईला कोणत्या रेसमध्ये कोणता घोडा येणार, यावर दिवस मावळेपर्यंत वाद चालायचा. त्यांतले एक एसटीतले जुने कंडक्टर. ते रविवारी पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचे आणि सगळ्यांच्या वतीने लावून यायचे. टपरीवर ह्यांचा शब्द शेवटचा असायचा. घरात त्यांना विचारायला कुणी नव्हतंच. मुलगा पुण्याला, मुलगी चांदवडला दिलेली. आम्ही दोघंच.

साखरेने त्यांचे डोळे गेले. आधी बारीक अक्षर गेलं, मग मोठं. रस्ता दिसायचा, समोरचा माणूस ओळखू यायचा, पण छापलेलं सगळं म्हणजे शाईचा डाग. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. ह्यांनी मला बजावलं, "टपरीवर कळता कामा नये."

मग शनिवारी सकाळी मी पुस्तक वाचून दाखवायला लागले. मराठीत निघायचं ते रेसचं पुस्तक. त्यात प्रत्येक घोड्याचं वजन, जॉकी आणि मागच्या रेसमध्ये कितवा आला ते असायचं. हे ऐकायचे, पाठ करायचे आणि दुपारी पुस्तक खिशात घालून जायचे. टपरीवर मध्येच पानं उलटायचे, बघतोय असं दाखवायला.

"पुढे."

"दोन नंबर, साठ किलो. मागच्या वेळी चौथा, त्याच्या आधी पहिला."

"जॉकी तोच?"

"बदललाय."

"का बदलला?"

"मला काय माहीत? मी विचारायला गेले होते?"

"वाच पुढे. तोंड चालवू नकोस."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बोललो नसू तेवढं आम्ही त्या शनिवारी सकाळी बोलायचो. प्रेमाचं नाही, घोड्यांचं. पण बोलायचो. बाकीचे दिवस चहा झाला का, गोळी घेतली का, दार लावलं का, एवढ्यावर निघायचे.

रेसमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांची बरोबरी होते. पुस्तकात सगळ्यात जड वजनवाला घोडा एक नंबरला, मग हलके हलके खाली. ह्यांचा नियम होता, एक नंबर धरायचाच नाही.

"एवढं ओझं घेऊन कोण पळतंय?"

मी म्हणायचे, "पळता येतं त्याच्यावरच ओझं टाकतात. तुमच्या आईनं माझ्यावर नाही टाकलं?"

"आईला मध्ये आणू नकोस. वाच."

वाचता वाचता मलाही कळायला लागलं. कोणता घोडा थकलाय, कोणाला छोटं अंतर पुरत नाही. मी मनात एक घोडा धरायचे आणि सोमवारच्या पेपरात बघायचे. ह्यांच्यापेक्षा माझे जास्त यायचे. त्यांना सांगितलं नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही, तुला कोणता वाटतो म्हणून. दोन वर्षांत एकदाही नाही.

थंडीतली गोष्ट. त्या शनिवारी पाचव्या रेसमध्ये एक नंबरला एक घोडा होता, एकसष्ट किलो. नाव आठवतं, पण इथे लिहायचं कारण नाही. मागच्या वेळी तिसरा आला होता, पण शेवटी जोरात आला असं छापलं होतं. या खेपेला अंतर जास्त. हा येणार, यात मला शंका नव्हती. एक नंबर म्हणून हे त्याला ऐकायच्या आधीच सोडणार, हेही माहीत होतं.

मी तो सहावा वाचला. दोन नंबरचा घोडा एकवर घेतला आणि सहापर्यंत सगळे एकेक वर सरकवले. मग म्हटलं, "सहा नंबर, चोपन्न किलो. मागच्या वेळी तिसरा, शेवटी जोरात आला."

"थांब. किती?"

"चोपन्न."

"ह्या घोड्याला चोपन्न? वजन देणारा झोपला होता का?" ते मांडी घालून बसले होते, ते सरसावून बसले. "हा येतो. डोळे झाकून येतो. बाकी रेसा सोड, आज हाच सांगतो."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझा घोडा त्या टपरीवर कुणाच्या तरी तोंडून निघणार होता. तिथे प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक असतं, हे मला ठाऊक होतं. वाटलं, हे नाव सांगतील, नंबर कोण बघतो.

हे पाचच्या आत परत आले. सरळ आतल्या खोलीत जाऊन बसले. मागोमाग कंडक्टर आले. हातात पुस्तक.

"वहिनी, हे राहिलं त्यांचं."

"काय झालं?"

ते दारातच चुळबुळ करत उभे राहिले. "पाचवीत सहा नंबर म्हणाले, चोपन्न किलो. आम्ही म्हटलं, सहा नंबरला तर घोडी आहे. तो घोडा एक नंबर आहे, एकसष्ट. ऐकेनात. माझ्या पुस्तकात चोपन्नच आहे म्हणून भांडायला उठले. मग एकानं त्यांचंच पुस्तक उघडून पुढे धरलं. म्हणाला, बोट ठेवून दाखवा."

"मग?"

"बोट ठेवलं त्यांनी. पुस्तक उलटं होतं, वहिनी."

"हसलात?"

"एक जण हसला. मी पुस्तक काढून घेतलं." मग हळूच म्हणाले, "वाचून तुम्ही दाखवता ना?"

"हो. चुकलं माझ्याकडून."

ते गेल्यावर मी आत गेले. ह्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मुद्दाम केलंस?"

"हो."

"का?"

"तो घोडा येणार आहे."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

त्यांनी विचार केला. माझ्याशी खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती. म्हणाले, "नसतं ऐकलं."

सोमवारी पेपर आला. घोडा आला होता, पहिला. मी वाचून दाखवलं. म्हणाले, "बंद कर ते."

पुढच्या शनिवारी मीच जाऊन पुस्तक आणलं. समोर बसले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"अहो, चूक झाली एकदा."

"चूक झाली असती तर चाललं असतं."

मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेले. एकटीने वाचलं. सात रेसा, सात घोडे धरले. मोठ्याने वाचायची सवय लागली होती, म्हणून पहिली रेस मोठ्याने वाचली, मग गप्प वाचली. असे तीन-चार शनिवार गेले. हे टपरीवर गेले नाहीत. चार वाजले की आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचे, थोडं उभे राहायचे आणि परत आत जायचे.

मग एका शनिवारी कंडक्टर आले.

"वहिनी, पाठवा त्यांना. नुसते बसू द्या. कुणी काही बोलणार नाही."

आतून आवाज आला, "मी घरात नाही म्हणून सांग."

मी म्हटलं, "ते म्हणतात, ते घरात नाहीत."

कंडक्टर हसले नाहीत. जाता जाता थांबले. खिशातून पुस्तक काढलं. "तो घोडा आमच्यात कुणी धरला नव्हता. त्यांच्या नियमात तर एक नंबर बसतच नाही. म्हणजे तुम्ही धरलात. उद्याच्या चौथ्या रेसचं सांगा ना, वहिनी. आम्ही तिघं तीन बाजूंना ओढतोय."

चौथ्या रेसचं मला माहीत होतं. सकाळीच धरून ठेवला होता घोडा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, तेही पुस्तक उघडून, दारात येऊन.

आतल्या खोलीत खाट वाजली नाही. म्हणजे हे कान देऊन बसले होते.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"असं कसं?"

"चहा घेणार का?"

"नको," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

मी आत गेले. ह्यांनी विचारलं, "गेला?"

"गेले."

ते भिंतीकडे वळले. चार वाजून गेले होते. मी भाजी निवडायला घेतली.