मंगळवारचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी डाळ करपली तरी सांगते. वासानं कळतंच म्हणा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कर्जतला आमच्या गल्लीत फोन एकच, आमचा. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेला. मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं, वर कुलूप. सगळी गल्ली आमचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून लग्नपत्रिकेत छापायची, आणि फोन आला की मी ओट्यावरून हाका मारायची. जग जवळ आलं, असं तेव्हा पेपरात यायचं. आमच्याकडं ते थेट बैठकीत आलं — चपला दाराशी काढून.

शेजारच्या सुमनचा नवरा दत्तू मस्कतला वायरमन. दर शुक्रवारी त्याचा फोन. ती हसत, रडत बोलायची, आणि आम्ही टीव्ही बारीक करून भिंतीकडं बघत बसायचो. माझ्यावाचून तिचं अडतं — हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एका सकाळी नळावर ती म्हणाली, “फोन वैनींचा, पन वैनींसाठी कवाच वाजत न्हाई.” बायका हसल्या. मीही हसले. थट्टाच ती. पण झोंबली. खरंच — मला कोण करत होतं फोन?

दुपारी तो वाजला. मंगळवार होता, म्हणून समोर अंगणात पोरीला मांडीवर घेऊन मेथी निवडणाऱ्या सुमननं मानही वर केली नाही. पलीकडं दत्तू. मी म्हणाले, “ती माहेरी गेलीय.” त्या फोनवर आपलाच आवाज क्षणभरानं परत यायचा. ‘माहेरी गेलीय’ — मीच मला ऐकवलं.

“मग आता कसं करू, वैनी? उद्या सही करायचीय. अजून दोन वर्सं राहू का घरी येऊ, तिला इचारायचं हुतं.”

खिडकीतून एक हाक मारायची होती. पण मग माहेरचं काय सांगणार होते? तो “हॅलो, हॅलो” करत राहिला. मी रिसीव्हर ठेवला. झाकणही नीट बसवलं.

शुक्रवारी बोलणं संपवून सुमन माझ्याकडं वळली. “सही केली म्हनं त्यांनी. मंगळवारी मी माहेरी हाय असं कुनी सांगितलं, वैनी?”

“क्रॉस कनेक्शन झालं असेल,” मी म्हणाले.

“व्हय. लाइनीच तसल्या,” ती म्हणाली. डोळे पुसले, आणि तिच्या पदराचं पीठ फोनला लागलं होतं, तेही पुसून गेली.

दोन वर्षांनी दत्तू आला तेव्हा त्याची पोरगी त्याला बघून माझ्या मागं लपली. माझा पदर घट्ट धरून. सगळे हसले. मीही.

क्रॉस कनेक्शन नव्हतं. साधी खरखरही नव्हती. मस्कतहून आवाज इतका स्वच्छ कधीच आला नव्हता.