हिरवे टोमॅटो

सकाळी परसात पाणी घालताना दिसलं, टोमॅटोच्या रोपावरचं एक फळ बुडाकडून पिवळसर झालंय. मी हातात पाईप धरून नुसता बघत राहिलो. पाणी आळ्यातून बाहेर वाहून गेलं, तेही बघत राहिलो.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तोडून तांदळाच्या डब्यात ठेवा. लवकर पिकतील."

"राहू द्या, घाई काय आहे?" मी म्हटलं.

घाई माझ्या बायकोला असायची. दरवर्षी रोप लावायची आणि फळं लिंबाएवढी झाली की हिरवीच तोडायची. तव्यावर परतून, तीळ आणि दाण्याचं कूट घालून चटणी.

"एखादं तरी पिकू दे गं," मी म्हणायचो.

"पिकलेले बाजारात मिळतात की!"

या वर्षीचं रोपही तिनेच लावलं. त्याला फुलं येण्याआधी ती गेली. माणूस गेल्यावर घरातलं काय काय थांबतं ते सगळे सांगतात. काय पिकायला लागतं, ते कुणी सांगत नाही. मला वाटलं होतं, रडू येईल. तेही आलं नाही.

आमच्या परसात आजवर एकही टोमॅटो लाल झाला नव्हता. आता सगळेच होतील.