पॅडलवरचा अनवाणी पाय

गाडीत बसण्याआधी काका चपला काढून बाहेर ठेवायचे. देवळाच्या पायरीशी ठेवाव्यात तशा, जोडीनं, दाराजवळ. मग अनवाणी उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद टेकवायचे आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात कुणी काही विचारलंच, तर एक हात वर करून म्हणायचे, "थांबा की जरा. पायाला कळू द्या."

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत या मेकॅनिक काकांचं पत्र्याचं गॅरेज होतं. हल्लीच्या गाड्यांत पॅडलपासून इंजिनापर्यंत तार नसते. आपण पाय दाबला की आतल्या कॉम्प्युटरला निरोप जातो आणि इंजिनाला किती हवा द्यायची ते तो ठरवतो. पॅडल दाबूनही गाडी विचार करत बसू लागली की लोक काकांकडे यायचे. ते थ्रॉटलमधली, म्हणजे इंजिनाला हवा सोडणाऱ्या झडपेतली, काजळी पुसायचे, स्कॅनर जोडायचे आणि पॅडलचं शून्य कुठं आहे ते गाडीला पुन्हा शिकवायचे. त्यासाठी किल्ली चालू करून दहा मिनिटं गाडीला कुणी शिवायचं नाही. मध्येच पॅडलला धक्का लागला तर सगळं पहिल्यापासून.

पण काकांची खरी कटकट त्यानंतर सुरू व्हायची. काम झालं तरी ते किल्ली देत नसत. मालकाला बाजूच्या मोकळ्या जागेत दहा फेऱ्या मारायला लावत. "गाडी शिकली. आता तुमचा पाय शिकवा." आळशी पॅडलला जोरात रेटायची सवय पायाला झालेली असते. गाडी सुधारते, सवय तशीच राहते. काळा कोट घातलेले एक वकीलसाहेब पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरताहेत आणि काका मधोमध उभे राहून "हळू, हळू" ओरडताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हालाही असा एखादा कारागीर भेटला असेल, जो आपलीच वस्तू आपल्याला धड नेऊ देत नाही. मी शाळेत गणित शिकवतो आणि धीर माझ्यात औषधालाही नाही. मला या माणसाचा भारी वैताग यायचा.

एकदा माझीच गाडी तिथं होती. काजळी पुसून झाली होती, किल्ली चालू होती, सहा मिनिटं झाली होती. तेवढ्यात गावाकडून, मैंदर्गीहून, आईचा फोन आला. वडिलांच्या छातीत दुखत होतं, घामानं अंग भिजलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि लगेच सोलापूरला हलवा म्हणून सांगितलं होतं. गावातली भाड्याची जीप वऱ्हाड घेऊन गेली होती. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तू निघ बाबा."

मी गाडीकडे धावलो. काका दार अडवून उभे राहिले.

"पाय लावू नका. चार मिनिटं."

"काका, माझे वडील मरताहेत तिकडं!"

"अर्धवट सोडली तर अक्कलकोटच्या अलीकडंच बंद पडंल. मग कुटं जाणार?"

ती चार मिनिटं मला अजून आठवतात. मी त्यांना शिव्या दिल्या. ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. वेळ भरल्यावर त्यांनी किल्ली बंद केली, थोडं थांबून गाडी सुरू केली. मी हात पुढं केला. त्यांनी किल्ली दिली नाही.

"तुमचा पाय अजून जुन्या गाडीचा हाय, सर. बाजूला बसा. मी चालवतो."

गॅरेज उघडं टाकून हा माणूस निघाला. चपला तिथंच राहिल्या.

अक्कलकोटच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या पुढं होत्या आणि समोरून ट्रक येत होता. मी असतो तर सवयीनं पॅडल तळापर्यंत रेटलं असतं. काकांनी नुसता अंगठा टेकवला. गाडी तत्क्षणी हलली, ट्रॉलीच्या बाजूला आली, त्यांनी पाय उचलला, पुन्हा ट्रॉलीच्या मागं घेतली. "न्हाय बसत," एवढंच म्हणाले. ट्रक गेल्यावर पुन्हा तोच अंगठा, आणि आम्ही पुढं. त्या ट्रकखाली मी वडिलांच्याही आधी गेलो असतो, हे मला तेव्हाच कळलं.

वडील वाचले. आता टीव्हीच्या आवाजावरून आईशी भांडतात. त्या दिवशी वडिलांना सोलापूरला आणल्यावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काका अनवाणीच बसले होते. मी माफी मागितली तर म्हणाले, "एकदा एका गिऱ्हाइकाला अशीच घाई व्हती. दिली किल्ली. फाटकातनं निघाला तो थेट समोरच्या भिंतीवर. बाजूला बायको व्हती त्याची. तिचा हात गेला."

पुढं वर्षभरानं मी पुन्हा गाडी घेऊन गेलो. चपला काढून काका बसले, गाडी सुरू केली, डोळे मिटले, पाय टेकवला. इंजिन किंचाळलं. त्यांनी दचकून पाय काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. किल्ली बंद करून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"दाब कळंना झालाय, सर. शुगर. मागल्या आठवड्यात खिळा रुतलेला, दोन दिवस पत्ताच न्हाय."

"पॅडल किती दाबलंय त्याचा आकडा स्कॅनरवर दिसतोच की," मी म्हणालो.

"आकडा दिसतो की. पर दुसऱ्याच्या जिवाचं काम हाय."

त्याच महिन्यात त्यांनी गॅरेज बंद केलं. दुधनीला लेकीकडे निघाले, तेव्हा मी हट्टानं म्हटलं, मी सोडतो. या खेपेला ते बाजूला बसले. बसल्याबसल्या सवयीनं चपला काढल्या. वाटेत समोरून गाडी आली की त्यांचा उजवा पाय तिथं नसलेलं पॅडल दाबायचा. मी हसलो, तर तेही हसले. "शिकला की तुमचा पाय," म्हणाले. मला शाळेत मिळालेल्या कुठल्याच शाबासकीनं एवढं बरं वाटलं नव्हतं.

दुधनीत पोचलो तेव्हा एप्रिलची भर दुपार होती. लेक रस्त्यापलीकडे दारात उभी होती. तिनं कन्नडमध्ये हाक मारली तसे काका पिशवी घेऊन उतरले आणि तिच्याकडे चालू लागले, सावकाश, सिमेंटच्या रस्त्यावरून. मी गाडी बंद केली आणि बाजूला पाहिलं. चपला आतच होत्या, जोडीनं.

मी त्या उचलून धावलो. माझ्या बुटांतूनसुद्धा रस्ता भाजत होता.

"काका, चपला!"

ते भर रस्त्यात थांबले. आधी माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"तापलंय व्हय, सर?" त्यांनी विचारलं.