कोल्हापूर–कोल्हापूर, मार्गे तासगाव

"अवो, धा पावलं ऱ्हायल्यात! धा! आत येतासा का वाजंत्री लावू?"

अक्का एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की कसबा बावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे दोन ट्रॅक्टर, आपल्यालाच कुणीतरी दम दिला असं समजून, जागच्या जागी थांबले. ज्यांच्यासाठी ही हाक होती ते मात्र ढिम्म. ते म्हणजे अक्कांचे यजमान. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणून ते आमचे थोरले साडू. वय त्रेसष्ट, अंगात खाकी सदरा, पहाटेपासून दोनशे किलोमीटर सायकल हाणून आलेले. समोर मैदानाच्या फाटकात फक्कीची पांढरी रेघ, रेघेपलीकडं टेबल, टेबलावर शिक्का. आणि हा गृहस्थ रेघेच्या अलीकडं सायकलला टेकून मनगटावरचं घड्याळ बघत उभा. घड्याळात सात वाजून आठ मिनिटं. साडेसातला टेबल बंद होणार होतं.

आमच्या साडूंना निवृत्त करायची ताकद आजवर कुठल्याही सरकारात आलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एस.टी.नं आपल्या परीनं प्रयत्न केला. हार घातला, नारळ दिला, तीस वर्षांच्या कंडक्टरकीबद्दल दोन भाषणं केली. साडू नारळ घेऊन घरी आले आणि चौथ्या दिवशी, लेकानं पुण्याहून पाठवलेल्या गिअरच्या सायकलीवर, पुन्हा ड्युटीला हजर झाले. सायकल मोठी नाजूक, करंगळीनं उचलावी अशी. तिला त्यांनी आधी कॅरिअर बसवला, मग पुढं 'कोल्हापूर–पन्हाळा' अशी पाटी लावली, आणि शेवटी सीटच्या मागून हँडलवरच्या घंटीपर्यंत एक दोरी ओढली. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. "दोरी ओढणार तुम्ही आणि चालवणारही तुम्हीच," मी एकदा म्हणालो, "मग बेल कुणासाठी?" साडूंनी माझ्याकडं विनातिकीट पावण्याकडं बघावं तसं बघितलं. "आन् बेल न देता गाडी हालली तर जबाबदार कोण? ड्रायव्हर का कंडक्टर?"

ही दोन खाती त्यांनी इतकी वेगळी ठेवली होती की गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याचा घाट उतरताना सायकल घसरून त्यांचं गळ्याचं हाड मोडलं, तेव्हा मी दवाखान्यात गेलो तर हे डाव्या हातानं वहीत रिपोर्ट लिहीत बसलेले. 'कंडक्टरने वेळेवर सिंगल बेल दिली असताना ड्रायव्हरने ब्रेक लावला नाही.' ड्रायव्हरला त्यांनी दीड महिना सस्पेंड केलं. डॉक्टरांनीही तेवढाच आराम सांगितला होता, त्यामुळं शिक्षेची अंमलबजावणी काटेकोर झाली.

किलोमीटर हे माप साडू मानत नाहीत. त्यांचा हिशेब एस.टी.च्या, सहा किलोमीटरला एक अशा टप्प्यांत. पन्हाळा साडेतीन टप्पे, जयसिंगपूर सात. वाटेत जो थांबा लागेल तिथं ते थांबतात. थांब्याचं छप्पर उडालेलं असो, पाटीवर वेल चढलेला असो, गावातल्या सगळ्या माणसांनी मोटारसायकली घेऊन जमाना झालेला असो. साडू एक पाय टेकणार, डावी-उजवीकडं बघणार, दोरी दोनदा ओढणार आणि मगच निघणार. रविवारी शहरातली रंगीबेरंगी, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतली सायकलवाली मंडळी दिसली की मागून त्यांचा आवाज येतोच, "पुढं चला, पुढं जागा मोकळी हाय!" शिरोळ रस्त्यावर एकदा याच आरोळीनं चाळीस म्हशी एका रांगेत डाव्या बाजूला लागल्या आणि त्यातल्या सर्वांत थोरल्या म्हशीनं एका गाभणीला पुढं जागा करून दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण साडू खोटं बोलत नाहीत आणि म्हशींनाही खोटं बोलायचं कारण नाही.

त्यांचा सगळ्यांत लाडका मार्ग म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातला. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी याच रस्त्यावर काढली. मिरज सोडली की ऊस विरळ होत जातो, समोर दंडोबाचा डोंगर उभा राहतो आणि त्याच्या अंगाखांद्यावरून उतरलं की तासगावपर्यंत द्राक्षबागाच बागा. माघ-फाल्गुनात घड असे लोंबतात की सायकलवरून नुसतं तोंड उघडून गेलं तरी नाश्ता व्हावा. तिथली म्हातारी माणसं अजून "कंडक्टर आलं, कंडक्टर आलं" करत बांधावर येतात. कुणी घड देतं, कुणी पुढच्या गावातल्या लेकीला द्यायला चार किलोची पेटी. साडू 'लगेज' म्हणून ती कॅरिअरवर बांधतात आणि दारात पोचवतात.

आता दोनशे किलोमीटरची ही राइड शहरातल्या एका सायकल क्लबनं काढली, आणि तीही नेमकी त्याच मार्गानं. मिरज, दंडोबा, तासगाव, सांगली आणि परत. सकाळी सहाला सुटायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत शिक्का. साडूंनी नाव दिलं आणि घरात रणकंदन झालं. पन्हाळ्याचं हाड अक्का विसरलेल्या नव्हत्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "टायमात शिक्का पडला तर सायकल घरात ऱ्हाईल. एक मिनिट जरी उशीर झाला, तर सकाळी माझ्या भाच्याला देऊन टाकीन. मग बसायचं गप घरात." साडूंनी मान डोलवली, आणि त्या रात्री, बायको सांगते, ते सायकलजवळ बराच वेळ नुसते उभे होते.

म्हणून त्या संध्याकाळी आम्हांला कळेना की वीस मिनिटं हातात असताना हा माणूस बाहेर का उभा आहे. माझा अंदाज असा की टायमाच्या आधी गाडी डेपोत लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नसावं. मी जवळ गेलो. "साडू, चला की! सायकल जाईल हातची."

"शीट मागं हाय," ते म्हणाले.

शीट म्हणजे कंडक्टरच्या भाषेत प्रवासी, आणि हा प्रवासी म्हणजे इचलकरंजीच्या कुठल्याशा बँकेतल्या एक बाई. पहिलीच मोठी राइड. दंडोबाच्या चढाला पोटऱ्यांत गोळे आले आणि त्या उतारावरच्या एका ओसाड थांब्याच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. आता थांब्यावर माणूस बसलेलं, आणि समोरून आमचे साडू! पुढचं बाईंनीच मागाहून सांगितलं. साडूंनी पाय टेकला आणि विचारलं, "कुठं जायाचं?" बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "कोल्हापूरला, पण आता होणार नाही काका." "कोल्हापूर ना? चढा मग!" म्हणून साडूंनी त्यांना बेदाणे चारले, पाणी पाजलं, आणि त्यांच्याच सायकलीवर बसवून, दर थांब्यावर सिंगल-डबल करत, शंभरावर किलोमीटर आणलं. एका गावात पेटी पोचवायला थांबले तेव्हा बाईंनाही मांडवाखाली बसवून ताक पाजलं. पण शिये गाव सोडल्यावर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग मधे घुसली. साडू फटीतून पुढं निघाले, बाई पंचगंगेच्या पुलापलीकडं अडकल्या.

"अवो, पण तुम्ही शिक्का मारून घ्या की!" अक्का कळवळून म्हणाल्या. ज्यांची अट, त्याच गयावया करत होत्या.

"तिकीट कोल्हापूरचं फाडलंय. शीट रस्त्यात सोडून गाडी पोचली असं कसं लिहू?"

क्लबचे सेक्रेटरी टेबलावरून उठून आले. "काका, घड्याळ कुणासाठी थांबत नाही हं." साडू म्हणाले, "व्हय. म्हणून तर मी थांबलोय."

सात वीस. सात बावीस. साडूंचा हात दोरीवर. अक्कांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्या सायकलीकडं बघितलं, पदर खोचला आणि पुलाकडं चालायला लागल्या. त्यानंतर जो आवाज पंचगंगेवरून घुमला तो नदीपलीकडच्या वडणगे गावात ऐकू गेला असणार. "ए लाल ट्रॅक्टर! डावीकडं घे! ए मागच्या, ऊस हाय का हत्ती हाय त्यो? सरक! बाई येत्यात!" आणि चमत्कार असा की हंगामात मंत्र्याच्या गाडीलाही वाट न देणाऱ्या त्या ट्रॉल्या भांग पाडावा तशा बाजूला झाल्या. मधून, डोळ्यांत पाणी आणि केसांत उसाचं पाचट घेऊन, बँकेतल्या बाई सुसाट आल्या.

"पुढं चला!" साडू गरजले. "पुढं जागा मोकळी हाय!"

बाई रेघ ओलांडून गेल्या. आधी शीट, मग कंडक्टर. साडूंनी दोरी दोनदा खच्चून ओढली आणि दहा पावलांचं ते अंतर असं काही कापलं की जणू दिल्लीचं तख्त घेतलं. सात अठ्ठावीस! शिक्का पडला तो असा, की टेबलाचा एक पाय वाकला. ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न लावले, सेक्रेटरींनी नियम बाजूला ठेवून शिट्टी मारली, मी कधी नाचत नाही तो नाचलो. बाईंनी वाकून साडूंना नमस्कार केला. साडू एवढंच म्हणाले, "उतरताना सामान बघून उतरा."

घरी जायला माझी गाडी होती, पण साडू सायकलवरच निघाले. त्यांच्या मागं मी सावकाश गाडी चालवत होतो, शेजारी अक्का. पुढं त्यांच्या सायकलीचा लाल दिवा प्रत्येक थांब्याशी थांबत होता. थांबे सगळे मोकळे. एके ठिकाणी तर नुसताच खांब उरला होता. तिथंही ते एक पाय टेकून डावी-उजवीकडं बघत राहिले, आणि मला उगाच वाटलं, यांच्या वाट्याला आता फक्त बघणंच उरलंय की काय.

"मग अक्का," मी विचारलं, "सायकल ऱ्हायली न्हवं घरात?"

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "घरात बसून कुणासाठी थांबतील?"